अक्यूट ल्युकेमियाच्या पेशी येतात कुठून आणि वाढतात कशा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अक्यूट ल्युकेमियाचं, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचं, निदान झालं की घरच्यांचे पहिले प्रश्न उपचारांचे असतात. केमो कधी सुरू होणार, खर्च किती, रक्त द्यायला किती माणसं लागतील. पहिली धावपळ ओसरली की दुसरे प्रश्न डोकं वर काढतात. हे आलं कुठून? इतक्या पटकन कसं वाढलं? औषधानं गेलं म्हणतात, मग परत कसं येतं? इथे या दुसऱ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. औषधांचा उल्लेख येईल तो पेशी समजून घेण्यापुरता. कोणाला कोणतं औषध द्यायचं हे त्या रुग्णाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

इथे नेमके कोणते आजार धरले आहेत?

दोन. एएमएल, म्हणजे बहुतेक रक्तपेशी घडवणाऱ्या मायलॉइड शाखेच्या कोवळ्या पेशींचा कर्करोग, आणि एएलएल, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या शाखेचा. लहान मुलांमध्ये एएलएल जास्त, आणि तोही २ ते ५ या वयात सर्वाधिक. एएमएलचं प्रमाण वयाबरोबर चढत जातं. क्रॉनिक ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा हेही रक्ताचेच कर्करोग, पण त्यांची चाल वेगळी असल्यानं ते इथे घेतलेले नाहीत.

निरोगी माणसात रक्त तयार कुठे होतं?

मोठ्या माणसात मुख्यतः कंबरेचं हाड, मणके, बरगड्या आणि छातीचं मधलं हाड यांच्या आतल्या लाल मगजात. यालाच अस्थिमज्जा किंवा बोन मॅरो म्हणतात. तपासणीसाठी कंबरेच्या मागच्या बाजूला सुई घालतात ती इथपर्यंत पोचायला. या मगजाचं काम अफाट आहे. रोज सुमारे २० हजार कोटी नव्या तांबड्या पेशी तिथून बाहेर पडतात. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट त्याशिवाय.

या सगळ्यांचं मूळ थोड्याशा मूळपेशींमध्ये असतं. टोरांटोचे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलक यांनी १९६१ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून अशा पेशींचं अस्तित्व दाखवून दिलं. माणसात रक्ताचा पुरवठा चालू ठेवणाऱ्या मूळपेशी साधारण ५० हजार ते २ लाख असाव्यात, असा २०१८ सालच्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. मूळपेशी स्वतःसारखी पेशी तयार करून आपला साठा टिकवते आणि दुसरीकडे पुढे घडत जाणाऱ्या पेशींना जन्म देते. या पेशी एकेक पायरी चढत पक्व होतात. पायरी चढेल तशी विभागण्याची ताकद कमी होते आणि कामाची ताकद वाढते. शेवटच्या पायरीवरची न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणारी पांढरी पेशी) किंवा तांबडी पेशी पुन्हा कधीच विभागत नाही. ठरलेले दिवस काम करते आणि मरते. पुढचं सगळं समजायला एवढी गोष्ट ध्यानात असली की पुरे.

ल्युकेमिया म्हणजे पेशी भरमसाट वेगानं वाढणं, बरोबर ना?

सगळे असंच समजतात, पण मोजमाप वेगळं सांगतं. १९६० च्या दशकात किरणोत्सारी थायमिडिन (डीएनएचा एक घटक) वापरून पेशींचा विभाजनाचा वेग मोजला गेला. तेव्हा असं दिसलं की ल्युकेमियाच्या ब्लास्ट, म्हणजे कोवळ्या, पेशींना एकदा विभागायला निरोगी मगजातल्या कोवळ्या पेशींपेक्षा बऱ्याचदा जास्तच वेळ लागतो.

मग इतकी दाटी होते कशी? पेशी पक्व होत नाहीत म्हणून. वाफ्यात भाताचा तरवा दाट उगवावा आणि त्यातलं एकही रोप पोटरीत येऊ नये, तसं मगजाचं होतं. निरोगी पेशी काही वेळा विभागते, पक्व होते, विभागणं थांबवते आणि मरते. ल्युकेमियाची पेशी अर्ध्या पायरीवर अडकते, तिथेच विभागत राहते आणि मरायची वेळ झाली तरी मरत नाही. रोजच्या हिशेबात जन्म थोडेसेच जास्त असले आणि मृत्यू बरेच कमी, तरी काही महिन्यांत मगज भरून जातो.

मरण टाळण्यासाठी या पेशी बीसीएल-२ नावाच्या प्रथिनावर विसंबून असतात. पेशीची स्वतःला संपवण्याची यंत्रणा हे प्रथिन दाबून धरतं. वयस्क रुग्णांना अझासिटिडिनबरोबर दिलं जाणारं व्हेनेटोक्लॅक्स नेमकं तिथेच बसतं. ते पेशीच्या वाढीला हातही लावत नाही, फक्त रोखलेलं मरण मोकळं करतं. या जोडीनं अनेक रुग्णांचा मगज साफ होतो. दोष नुसत्या वाढीत नाही, न मरण्यातही आहे, असंच यातून दिसतं.

मग ‘अक्यूट’ कशाला म्हणतात?

उपचार नव्हते त्या काळात हा आजार आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत जीव घ्यायचा, क्रॉनिक प्रकार वर्षानुवर्षं चालायचा. फरक पक्वतेचा आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात पेशी खूप होतात, पण त्या पक्व होऊन बरंचसं काम करतात. अक्यूटमध्ये काम करणारी पेशीच तयार होत नाही.

दोन महिन्यांपूर्वी सीबीसी नॉर्मल होता. डॉक्टरांच्या नजरेतून सुटलं का?

बहुतेक वेळा नाही. इथे थोडं गणित करू.

सुरुवात एका पेशीपासून होते. निदानाच्या वेळी शरीरात ल्युकेमियाच्या पेशी साधारण एक लाख कोटी असतात, वजनात किलोभर. एकापासून एक लाख कोटीपर्यंत जायला सुमारे ४० वेळा दुप्पट व्हावं लागतं. तीस वेळा दुप्पट झाल्यावर त्या शंभर कोटी असतात. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण अंतिम बोज्याचा तो हजारावा भाग आहे. तेवढ्यानं सीबीसीत काही दिसत नाही, माणूस कामाला जातो, मूल शाळेत खेळतं. उरलेल्या दहा दुपटींत चित्र पालटतं. म्हणजे आजाराच्या आयुष्याचा मोठा भाग अदृश्य असतो आणि दिसायला लागतो तो शेवटच्या टप्प्यात, एकदम. प्रत्यक्षात दुपटीचा वेग सारखा राहत नाही आणि काही पेशी मरतही असतात. त्यामुळे या गणितावरून आजार सुरू झाल्याची तारीख काढायला जाऊ नये.

पांढऱ्या पेशी लाखाच्या वर असताना ‘प्रतिकारशक्ती नाही’ असं का सांगतात?

कारण त्या नुसत्या पांढऱ्या दिसणाऱ्या कोवळ्या पेशी आहेत, जंतूंशी लढणाऱ्या नाहीत. कामाच्या न्यूट्रोफिल जवळपास संपलेल्या असतात. उलटही होतं. काही रुग्णांत एकूण काउंट कमी असतो आणि मगज मात्र ब्लास्टनी भरलेला निघतो.

बाकीचे काउंट का पडतात हेही इथेच सांगतो. न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम दिवसभर टिकते, प्लेटलेट ८–१० दिवस, तांबडी पेशी १२० दिवस. उत्पादन बंद पडलं की आधी ताप आणि तोंड येणं, मग हिरड्यांतून रक्त आणि अंगावर लाल ठिपके दिसू लागतात. हिमोग्लोबिन त्या मानानं हळूहळू उतरतं. जागा अडवणं एवढंच कारण यामागे नसतं. मगजातल्या ज्या जागी मूळपेशी राहतात त्या जागेचं वातावरणच ब्लास्ट बदलून टाकतात आणि निरोगी मूळपेशी गप्प पडून राहतात. म्हणूनच ब्लास्ट हटल्यावर तीन-चार आठवड्यांत चांगले काउंट परत चढू शकतात. त्या पेशी मेलेल्या नसतातच.

कितवी स्टेज आहे?

अक्यूट ल्युकेमियाला एक-दोन-तीन-चार अशी स्टेज नसते. गाठीचा कर्करोग एका जागी सुरू होऊन पसरतो, म्हणून त्याला स्टेज असतात. रक्ताच्या पेशी पहिल्या दिवसापासून फिरत्याच असतात. इथे धोका ठरतो तो जनुकांतल्या बदलांवरून, वयावरून आणि पहिल्या महिन्यात औषधाला मिळालेल्या प्रतिसादावरून.

एका पेशीत असं काय बिघडतं?

डीएनएमधली मोजकी वाक्यं बदलतात. अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ साली एएमएल झालेल्या एका स्त्रीच्या कर्करोगपेशींचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. कोणत्याही कर्करोगाचा पुरता जनुकसंच वाचण्याची ती पहिली वेळ. २०१३ साली २०० रुग्णांचा असाच अभ्यास झाला, तेव्हा प्रथिनं घडवणाऱ्या जनुकांत दर रुग्णामागे सरासरी फक्त १३ बदल निघाले. इतर बहुतेक कर्करोगांच्या मानानं हे फारच थोडे. त्यातलेही आजार घडवणारे दोन-चारच, बाकीचे वयाबरोबर साचलेला निरुपद्रवी गाळ.

ढोबळ मानानं या बदलांची दोन कामं असतात. एक बदल पेशीला पुढची पायरी चढू देत नाही. दुसरा तिला ‘विभागत राहा’ असा इशारा देत राहतो. एएमएलच्या साधारण ३० टक्के रुग्णांत एफएलटी३ या जनुकात बिघाड असतो. हे जनुक पेशीच्या पृष्ठभागावरचा, वाढीचा संदेश घेणारा ग्राहक तयार करतं. बिघडलेला ग्राहक संदेश नसतानाही चालूच राहतो. आयडीएच जनुकातला बदल याहून चमत्कारिक. त्यामुळे पेशी एक परकं रसायन तयार करते, ते रसायन डीएनएवरच्या खुणा पुसणाऱ्या एन्झाइमना अडवतं, आणि पक्व होण्यासाठी उघडायला हवी होती ती जनुकं बंदच राहतात. बिघडलेलं आयडीएच एन्झाइम रोखणाऱ्या गोळ्या दिल्या तर काही रुग्णांत ब्लास्ट मरण्याऐवजी पक्व व्हायला लागतात.

दोन कामांची ही विभागणी आता जरा जुनी झाली आहे. डीएनएच्या खुणा सांभाळणारी आणि आरएनए जोडणारी जनुकं तिच्या चौकटीत नीट बसत नाहीत. तरी रिपोर्ट वाचताना ती उपयोगी पडते.

अडकलेली पेशी पुन्हा मोठी करता येते, हे खरं?

एका प्रकारात अगदी खरं. माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

एएमएलचा एक उपप्रकार आहे एपीएल. यात पेशी प्रोमायलोसाइट या पायरीवर अडकतात. त्यांच्या पोटातल्या कणांमुळे रक्त गोठण्याची व्यवस्था कोसळते आणि रुग्ण पूर्वी मेंदूतल्या रक्तस्रावानं काही दिवसांत दगावायचा. एकेकाळी हा ल्युकेमियातला सर्वांत भीतीदायक प्रकार मानला जायचा. १९७७ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं की या रुग्णांत १५ व्या आणि १७ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. पुढे कळलं की त्या अदलाबदलीत पीएमएल आणि रारा ही दोन जनुकं एकमेकांना चिकटतात. रारा हा ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक ॲसिडचा ग्राहक. त्याच्या हाती पेशीला पक्व करणाऱ्या जनुकांचा खटका असतो. जोडप्रथिन तो खटका बंद स्थितीत धरून ठेवतं. शरीरातल्या नेहमीच्या रेटिनॉइक ॲसिडला तो उघडता येत नाही, भरपूर मात्रेला येतो.

गंमत अशी की औषध आधी सापडलं आणि ही यंत्रणा नंतर समजली. शांघायचे वांग झेनयी यांनी १९८० च्या दशकात एपीएल झालेल्या मुलांना आणि मोठ्यांना रेटिनॉइक ॲसिडचा एक प्रकार, एट्रा, तोंडावाटे दिला. १९८८ साली त्यांच्या गटानं २४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला आणि जगाला तो खरा वाटेना. केमोशिवाय जवळपास सगळे रिमिशनमध्ये गेले होते, म्हणजे तपासणीत आजार दिसेनासा झाला होता. मगज ओस पडला नव्हता, ब्लास्ट पक्व होऊन न्यूट्रोफिल झाले होते. त्या न्यूट्रोफिलमध्ये गुणसूत्रांची तीच अदलाबदल दिसत होती, म्हणजे त्या ल्युकेमियातूनच आलेल्या होत्या. पक्व झाल्या आणि थोड्याच काळात आपल्या मरणानं मेल्या.

त्याच सुमारास उत्तर चीनमधल्या हार्बिनचे झांग तिंगदोंग आर्सेनिक वापरत होते, एका गावठी उपायाचा माग काढत ते तिथवर पोचले होते. आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात तेच हे विष, आर्सेनिक ट्रायऑक्साइड. ते जोडप्रथिनाच्या पीएमएल या अर्ध्या भागाला धरतं आणि सगळं प्रथिन मोडीत काढतं. २०१३ साली आलेल्या युरोपीय चाचणीत कमी आणि मध्यम धोक्याच्या रुग्णांना फक्त एट्रा आणि आर्सेनिक दिलं, केमो दिली नाही. दोन वर्षांनी ९७ टक्के रुग्ण आजार न उलटता जिवंत होते.

हे वाचून कोणी सोमलाचं भस्म आणायला धावू नये. रुग्णालयात आर्सेनिक शिरेतून, मोजून, ईसीजी आणि पोटॅशियमवर नजर ठेवून देतात. आणि ते या एका उपप्रकारातच असं काम करतं, कारण कुलूप त्याच आकाराचं आहे.

म्हातारपणी हा आजार जास्त का होतो?

प्रत्येक मूळपेशीच्या डीएनएत दरवर्षी सुमारे १५–१७ बदल साचतात. बहुतेक वाया जातात. एखादा बदल डीएनएमटी३ए किंवा टीईटी२ अशा जनुकात पडला तर त्या मूळपेशीला शेजारणींपेक्षा किंचित वरचढपणा मिळतो आणि काही दशकांत तिची प्रजा मगजाचा बराच भाग व्यापते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांत सत्तरी ओलांडलेल्या, धडधाकट दहांपैकी किमान एका माणसाच्या रक्तात अशी प्रजा सापडली. या लोकांचा सीबीसी नॉर्मल असतो. त्यांच्यापैकी रक्ताचा कर्करोग होतो तो वर्षाला ०.५ ते १ टक्का लोकांना. म्हणजे बहुतेकांना कधीच होत नाही.

२०१८ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. भविष्यात एएमएल होणार होता अशा लोकांचं, दुसऱ्याच अभ्यासासाठी साठवून ठेवलेलं रक्त तपासलं, तेव्हा निदानाच्या जवळपास दहा वर्षं आधीच्या नमुन्यांतही हे बदल हजर होते. ‘गेल्या महिन्यात इतका ताण होता म्हणून झालं’ या तर्काचा विचार यावरून ज्यानं त्यानं करावा.

मग चार वर्षांच्या मुलाला कसा होतो? त्याचं वय ते काय!

इथे सुरुवात बऱ्याचदा आईच्या पोटात होते. ब्रिटनचे मेल ग्रीव्ज आणि त्यांचे सहकारी यांनी एकसारख्या जुळ्यांपासून सुरुवात केली. एक वार वाटून घेणाऱ्या दोन्ही जुळ्या मुलांना ल्युकेमिया झाला तर दोघांत जनुकांचा जोड अगदी त्याच बिंदूवर तुटून जुळलेला दिसतो. दोघांत स्वतंत्रपणे असं घडणं अशक्य. पेशी एकात तयार झाली आणि वारेतून दुसऱ्यात गेली, एवढंच स्पष्टीकरण उरतं. मग त्यांनी नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेले, कागदावर वाळवून ठेवलेले रक्ताचे थेंब शोधून काढले. पुढे काही वर्षांनी आजारी पडलेल्या मुलांच्या त्या थेंबांत तो जोड सापडला.

मुलांच्या एएलएलमध्ये ईटीव्ही६ आणि आरयूएनएक्स१ या दोन जनुकांचा जोड बऱ्याचदा दिसतो. जन्मणाऱ्या साधारण शंभरातल्या एका बाळात तो असतो, काही अभ्यासांत याहूनही जास्त. पण आजार होतो तो त्यांतल्या जेमतेम शंभरातल्या एकाला. जुळ्यातल्या एकाला हा प्रकार झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता १०–१५ टक्केच असते. म्हणजे जोडानंतर दुसरा धक्का लागतो. बी लिम्फोसाइट तयार होताना आरएजी नावाची एन्झाइम अँटिबॉडीची जनुकं मुद्दाम कापून जोडतात. ती चुकून भलत्या जागी कापतात आणि हा दुसरा धक्का बहुधा तिथून येतो. ग्रीव्ज यांचं म्हणणं असं की तान्हेपणी जंतूंशी पुरेशी ओळख न झालेल्या मुलात पुढे एखादा साधा संसर्ग झाला की प्रतिकारयंत्रणा अतिरेक करते आणि हे घडतं. पाळणाघरात लवकर गेलेल्या मुलांत एएलएलचं प्रमाण कमी दिसतं, हा त्याला आधार. पण हा सिद्धान्त आहे. त्यावरून ‘आम्ही मुलाला जास्तच जपलं’ असा दोष कुणीही स्वतःकडे घेऊ नये.

वर्षाच्या आतल्या बाळाची गोष्ट वेगळी. तिथे बहुतेक वेळा केएमटी२ए जनुकाचा जोड असतो आणि तो एकटाच जवळपास पुरतो. अशा जुळ्यांत एकाला झाला तर दुसऱ्यालाही होणं जवळजवळ ठरलेलं असतं.

आमच्याकडून काही चुकलं का? मोबाइल, बाहेरचं खाणं, प्लास्टिक?

मोबाइलचा संबंध सिद्ध झालेला नाही. पक्की कारणं मोजकी आहेत. हिरोशिमा-नागासाकीत बॉम्बनंतर दोनेक वर्षांत ल्युकेमिया वाढायला लागला आणि सहा-आठ वर्षांत शिखराला पोचला, यावरून किरणोत्साराचा संबंध निर्विवाद झाला. कारखान्यातल्या कामात बेंझिनशी दीर्घ संपर्क हे दुसरं कारण, सिगारेटच्या धुरातही ते असतं. तिसरं कारण कडू आहे. आधीच्या कर्करोगासाठी घेतलेली काही केमो. त्यातल्या एका गटाच्या औषधांनंतर ५–१० वर्षांनी एएमएल होऊ शकतो, इटोपोसाइडच्या जातीच्या औषधांनंतर १–३ वर्षांत. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत धोका बराच वाढलेला असतो. आरयूएनएक्स१, डीडीएक्स४१ किंवा टीपी५३ जनुकांतले बदल काही घराण्यांत पिढीजात असतात. पण बहुतेक रुग्णांत यापैकी काहीच सापडत नाही.

हा संसर्गजन्य आहे का?

नाही. एका ताटात जेवा. दक्षिण जपान आणि कॅरिबियन बेटांवर एका विषाणूमुळे होणारा टी पेशींचा ल्युकेमिया असतो, पण तिथेही पसरतो तो विषाणू, कर्करोग नाही. रुग्णापासून इतरांना धोका नाही, इतरांच्या सर्दी-खोकल्यापासून रुग्णाला मात्र आहे.

रिमिशन आलं म्हणतात, तरी वर्ष-दोन वर्षं औषधं कशाला?

रिमिशन म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली मगजात ब्लास्ट ५ टक्क्यांहून कमी आणि काउंट सुधारलेले. वर दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. एक लाख कोटींचे एक हजार कोटी उरले तरी स्लाइड स्वच्छ दिसू शकते. म्हणून आता एमआरडी, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उरलेल्या रोगपेशी, तपासतात. फ्लो सायटोमेट्रीनं (पेशींवरच्या खुणा ओळखणारी तपासणी) दहा हजारांत एक, तर पीसीआरनं लाखात एक पेशीसुद्धा हुडकता येते.

दुसरं कारण पेशींच्या उतरंडीत आहे. टोरांटोच्या जॉन डिक यांच्या गटानं १९९४ साली एएमएलच्या पेशी प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत टोचल्या. सगळ्या पेशी रुजल्या नाहीत. सुमारे अडीच लाखांतली एकच नवा ल्युकेमिया उभा करू शकत होती. या ल्युकेमियाच्या मूळपेशी. त्यातल्या पुष्कळ विभागत नाहीत, स्वस्थ बसून असतात. सायटाराबिनसारखं औषध डीएनएची नक्कल चालू असलेल्या पेशीलाच मारतं. जी नक्कल करतच नाही ती वाचते. महिन्यांनी ती जागी झाली की आजार परततो.

रिलॅप्समध्ये तेच औषध का चालत नाही?

परत आलेला आजार हुबेहूब पहिला नसतो. सेंट लुइसच्याच गटानं २०१२ साली आठ रुग्णांच्या पहिल्या आणि परतलेल्या पेशींची तुलना केली. काहींत मूळ प्रजेनंच नवे बदल मिळवले होते. काहींत निदानाच्या वेळी अगदी थोडी असलेली उपशाखा औषधातून तगून राजा झाली होती. औषधानं निवड केली होती. म्हणून रिलॅप्सला जनुकांची तपासणी पुन्हा करावी लागते. जुना रिपोर्ट तेव्हा पुरत नाही.

पाठीतून इंजेक्शन कशासाठी? आजार तर रक्तात आहे.

एएलएलच्या पेशी मेंदूभोवतीच्या आवरणात घुसतात आणि शिरेतून दिलेली बरीच औषधं तिथे पुरेशी पोचत नाहीत, म्हणून औषध पाठीतून थेट तिथे सोडतात. १९६० च्या आधी-नंतर मगज साफ झालेली कितीतरी मुलं मेंदूतल्या रिलॅप्सनं गेली. अमेरिकेतल्या मेम्फिसला सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी मेंदूचा उपचार आधीच करायचं ठरवलं आणि १९७० च्या सुमाराला निम्मी मुलं बरी व्हायला लागली. मुलग्यांत अंडकोष ही अशीच लपण्याची जागा.

साखर बंद करावी का? पालेभाज्या खाव्यात का?

ल्युकेमियाच्या पेशी ग्लुकोज खातात हे खरं, पण रक्तातली साखर शरीर स्वतः राखतं. जेवण तोडून उपाशी राहतो तो रुग्ण.

पालेभाज्यांच्या प्रश्नामागे मात्र एक जुनी गोष्ट आहे आणि ती मुंबईत सुरू होते. लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर १९२८ साली इथे आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायकांच्या पांडुरोगाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो हे दाखवलं. त्या अर्कातलं द्रव्य पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. १९४७ च्या सुमारास बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना असं दिसलं की ल्युकेमिया झालेल्या मुलांना फोलेट दिलं तर आजार उलट भडकतो. डीएनएच्या नकलेला फोलेट लागतं आणि या पेशी ते वापरत होत्या. मग फोलेटची वाट अडवणारं औषध का देऊ नये? ॲमिनोप्टेरिन हे औषध लेडर्ले कंपनीत तयार झालं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. १९४८ साली फार्बर यांनी १६ मुलांचा अनुभव छापला. दहांना फरक पडला, काही महिन्यांपुरताच, पण तोवर कुणाला तेवढाही पडला नव्हता. त्याचंच भावंड मेथोट्रेक्सेट आज एएलएलच्या मेंटेनन्समध्ये, म्हणजे आजार परतू नये म्हणून चालणाऱ्या लांब टप्प्यात, दिलं जातं.

तेव्हा शिजवलेली भाजी खुशाल खावी. फोलिक ॲसिडची किंवा ‘ताकदीची’ गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

पपईच्या पानांचा रस प्लेटलेट वाढवतो का?

इथे नाही. प्लेटलेट बनवणारा मगजच अडलेला आहे. शिवाय न्यूट्रोफिल नसताना कच्च्या पानांचा रस म्हणजे जंतूंना आमंत्रण.

या ज्ञानानं उपचारांत फरक पडतोय का?

पडतोय, सगळीकडे सारखा नाही. केएमटी२ए जोडाचं प्रथिन मेनिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला धरून आपलं काम करतं. ती पकड सोडवणाऱ्या रेव्हुमेनिब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. त्यात रुग्णाच्याच टी पेशी काढून, बी पेशींवरची सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवून परत देतात. औषधांना दाद न देणाऱ्या किंवा परतलेल्या बी पेशींच्या आजारासाठी ते आहे. इथेही पेशी निसटतात. काही रुग्णांत ती खूणच टाकून दिलेल्या पेशी उगवून येतात.

फाइलमध्ये नेमकं काय जपून ठेवावं?

उपचार सुरू होण्याआधीचे रिपोर्ट. पहिला बोन मॅरो, फ्लो सायटोमेट्री, गुणसूत्रांची तपासणी आणि जनुकांची तपासणी. त्या रुग्णाच्या ल्युकेमियाच्या ओळखीच्या खुणा त्यांतच लिहिलेल्या असतात आणि पुढे एमआरडीत नेमक्या त्याच शोधायच्या असतात. केमो सुरू झाल्यावर ब्लास्ट हटतात, मग त्या खुणा नव्यानं काढता येत नाहीत. रुग्णालय बदलताना डिस्चार्ज कार्ड आणि बिलं सगळे सांभाळून नेतात आणि नेमके हे कागद मागे राहतात. मूळ स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्यावेत, ते मिळतात.